‘सिस्टर, मिटवून घ्या’ – ड्युटीवर मार खाल्ल्यावर नक्की काय करायचं?

रातराणी | ३ जून, रात्री ११:४०

मी स्टाफ नर्स. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून ११ वर्षं झाली. तालुक्याच्या गावात ६० खाटांच्या खाजगी हॉस्पिटलात आहे. नाव लिहीत नाही, विचारूही नका.

मागच्या रविवारी नाइट होती. पावणेबाराला गाडीवरून पडलेला पोरगा आणला, वय २२. कानातून रक्त येत होतं. आमच्याकडे न्यूरोसर्जन नाही. आरएमओंनी (ड्युटीवरच्या डॉक्टरांनी) तपासलं, मानेला कॉलर लावली, ऑक्सिजन सुरू केला आणि जिल्ह्याला हलवा म्हणून चिठ्ठी लिहिली. १०८ ची गाडी दुसऱ्या केसवर होती. आमच्या स्वतःच्या ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर घरी गेलेला.

आले तेव्हा नातेवाईक चार होते. साडेबाराला बारा झाले, एक वाजता पंचवीस तरी असतील. प्रत्येक नवा माणूस आत येतो, पहिल्यापासून सगळं विचारतो आणि उत्तर ऐकून आधीच्यापेक्षा जास्त तापतो. आरएमओ आत फोनवर होते. काउंटरला मी एकटी. ‘गाडी येतेय’ हे वाक्य मी किमान तीस वेळा म्हटलं असेल. शेवटी शेवटी तर मान वर न करता, रजिस्टर लिहिता लिहिता म्हणत होते. हे मुद्दाम सांगते, कारण आठवडाभर मला तेवढंच आठवतंय.

१:१० ला कोणीतरी ओरडलं, ‘हिला काही पडलेलीच नाही’. मग सलाइनचा स्टँड. मी डावा हात वर केला म्हणून डोक्याचा मार हातावर गेला. दुसरा फटका काउंटरच्या काचेवर. आमच्या वॉर्डात कामाला असलेल्या मावशींनी मला ओढत ड्रेसिंग रूममध्ये नेलं आणि तिथे कळलं की त्या दाराला कडी बाहेरून आहे, आतून नाहीच. मावशी दाराला पाठ लावून, समोरच्या कपाटाला पाय टेकवून बसल्या. दहा मिनिटं. वय ५४ त्यांचं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजमेंटचं म्हणणं : काचेचे पैसे ते देतायत, माफी मागतायत, मिटवून घ्या. हाताला सूज आहे, आमच्याच सरांनी ‘मुका मार’ लिहून क्रेप बँडेज बांधलं. पोलिसांत मी एकटीच भावाला घेऊन गेले, एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून दिली. रजा माझ्या आजारपणाच्या रजेतून कापली.

मला कुणाला तुरुंगात घालायचं नाही. पण परवापासून पुन्हा नाइट लागली आहे आणि काउंटरकडे पाय वळत नाहीत. पुढे काय करू?

---

खडीसाखर | ३ जून, रात्री ११:५८

बाप रे. आधी काळजी घे ताई. आणि मावशींना नमस्कार सांग.

---

काळा_कोट | ४ जून, सकाळी ८:१५

वकील आहे, तालुका कोर्टातच असतो. क्रमाने लिहितो, कारण यात वेळ फार महत्त्वाची.

आज, उद्या नाही, सरकारी रुग्णालयात जा आणि एमएलसी (पोलीस केससाठीची वैद्यकीय नोंद) करून घ्या. हाताचा एक्स-रे काढायला लावा. तुमच्या सरांच्या ‘मुका मार’वर विसंबू नका. हाड मोडलं असेल, अगदी बारीक चीर असेल, तरी कायद्याच्या भाषेत ती गंभीर दुखापत होते. भारतीय न्याय संहितेचं कलम ११७(२), सात वर्षांपर्यंत शिक्षा. नुसती दुखापत म्हणजे ११५(२), ती अदखलपात्र आहे, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. म्हणून ठाण्यात तुम्हाला एनसी मिळाली.

पण ती एनसी मुळातच चूक आहे. आपल्या महाराष्ट्रात वैद्यकीय सेवा देणाऱ्या व्यक्ती आणि संस्थांवरच्या हिंसेला प्रतिबंध करणारा २०१० चा स्वतंत्र अधिनियम आहे. खाजगी हॉस्पिटलही त्यात येतं. नोंदणीकृत डॉक्टर, नर्स, वैद्यकीय आणि नर्सिंगचे विद्यार्थी, पॅरामेडिकल कर्मचारी यांचा त्यात उल्लेख आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, ५०,००० रुपयांपर्यंत दंड, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. शिवाय मोडतोडीची भरपाई वस्तूच्या किमतीच्या दुप्पट. ठाण्यातल्या हवालदारांना हा कायदा रोज लागत नाही, म्हणून ते हात आपसूक ११५ कडे नेतात. अधिनियमाची छापील प्रत हातात घेऊन जा. मी आजवर चार वेळा हे केलंय, चारही वेळा ‘अहो साहेब, हे माहीतच नव्हतं’.

तरी गुन्हा नोंदवून घेतला नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा. पोस्टाची पावती जपून ठेवा.

---

काळा_कोट | ४ जून, सकाळी ८:२२

एक राहिलंच. सीसीटीव्ही! छोट्या हॉस्पिटलांचे डीव्हीआर पंधरा-वीस दिवसांत जुन्यावर नवं लिहितात. आजच मॅनेजमेंटला लेखी अर्ज द्या की रविवारी रात्री ११:३० ते २ चं फुटेज जपून ठेवा. दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून सही-शिक्का घ्या. नंतर कोर्टात ते चालायला साक्ष्य अधिनियमाच्या ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं, ते पुढचं पुढे. आधी फुटेज तरी उरू दे.

---

घंटी_डबल | ४ जून, दुपारी १:३०

एसटीत वाहक आहे. आमच्याकडं सुट्ट्या पैशावरनं, थांब्यावरनं, सीटवरनं रोज कुणीतरी कॉलर धरतंय. पण आम्हाला ‘३५३ लावीन’ एवढं म्हटलं की निम्मे गप बसतात. सिस्टरांना पण ते लागंल की.

---

काळा_कोट | ४ जून, दुपारी २:०५

दादा, ते जुन्या दंड संहितेचं कलम, ड्युटीवरच्या लोकसेवकावर हात टाकला तर लागतं. एसटीचे कर्मचारी त्यात येतात, सरकारी दवाखान्यातली नर्सही येते. खाजगीतली येत नाही. आणि १ जुलै २०२४ पासून ३५३ चं १३२ झालंय. पण गाडीत ३५३ च म्हणा, १३२ म्हटलं तर कोण घाबरणार!

---

सडेतोड | ४ जून, दुपारी ३:४०

सगळं खरं, पण दुसरी बाजू कोणी लिहीत नाही. डिपॉझिट भरल्याशिवाय हात न लावणारी हॉस्पिटलं कमी आहेत का? माणूस मेल्यावर बिलासाठी बॉडी अडवतात. लोक उगाच चिडतात का?

---

रातराणी | ४ जून, संध्याकाळी ६:१०

सडेतोड, त्या रात्री डिपॉझिटचा विषयच निघाला नव्हता. आणि निघाला असता तरी बिलाचा आकडा मी ठरवत नाही हो. माझा पगार १८,५०० आहे.

---

पांढरी_टोपी | ४ जून, रात्री ९:२०

मी निवृत्त मेट्रन. ३४ वर्षं मुंबईत महापालिकेच्या दवाखान्यात काढली.

सडेतोडरावांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. राग साठतो तो बिलाचा, बेड न मिळाल्याचा, चार दवाखाने फिरल्याचा. निघतो मात्र जो समोर उभा असेल त्याच्यावर, आणि रात्री समोर नर्स, इंटर्न, मामा, मावशी आणि वॉचमन एवढेच असतात. ज्याच्या हातात निर्णय तो माणूस घरी झोपलेला असतो.

मार्च २०१७ चं धुळे आठवतंय ना? तिथंही असंच. अपघाताची केस, डोक्याला मार, ‘न्यूरोसर्जन नाही, दुसरीकडे न्या’ एवढं सांगितलं म्हणून हाडांच्या निवासी डॉक्टरला इतकं मारलं की एका डोळ्याची दृष्टी गेली. त्यानंतर राज्यभर निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत पोचलं. सरकारने महाराष्ट्र सुरक्षा बलाचे ११०० जवान सरकारी रुग्णालयांसाठी द्यायचं ठरवलं आणि एका पेशंटमागे दोनच नातेवाईक असा पास सुरू झाला. पासाची ती कल्पना मला जवानांपेक्षाही मोलाची वाटते. जिथे नीट पाळली तिथे फरक मी डोळ्यांनी पाहिला. पण रात्री दहानंतर पास कोण बघतं, हाच प्रश्न.

आणि तू मान वर न करता बोललीस ते मनाला लावून घेऊ नकोस बाळा. तीसदा एकच वाक्य म्हणायला लागणं हीच व्यवस्थेची चूक आहे, तुझी नाही.

---

शिट्टीवाला | ५ जून, पहाटे ४:५०

मी सिक्युरिटीत. एजन्सीकडून. सध्या एका मोठ्या दवाखान्याच्या गेटला, बारा तास. लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

ओरडणारा माणूस मारत नाही सहसा. तो ओरडून मोकळा होतो. मी बघतो तो जो मघाशी ओरडत होता आणि आता गप झालाय त्याला. फेऱ्या मारायला लागतो, हाताच्या मुठी, सारखा फोन लावून ‘या रे सगळे’ म्हणतो. मोबाईल उभा धरून शूटिंग करणारा आला की समोरच्याला चेव येतो, हे पण. त्या वेळी मी आत सांगतो की डॉक्टरला बाहेर पाठवा, दोन मिनिटं बोलू द्या. डॉक्टर येत नाहीत. मग मी मध्ये जातो. जाताना काठी नेत नाही, पाणी नेतो. पाण्याची बाटली हातात दिली की माणूस बसतो. बसला की अर्धं काम झालं.

आता एक विचारायचंय वकील साहेबांना. त्या २०१० च्या कायद्यात आम्ही येतो का? मला गेल्या वर्षी कानाखाली बसली, अजून त्या कानानं कमी ऐकू येतं. एजन्सी म्हणाली दवाखान्याला सांग, दवाखाना म्हणतो एजन्सीला सांग.

---

काळा_कोट | ५ जून, सकाळी ९:००

शिट्टीवाले दादा, खरं सांगतो. त्या व्याख्येत गार्ड किंवा मावशी असे शब्द नाहीत, भांडून बसवावं लागेल. पण मार तुम्हाला बसला म्हणजे न्याय संहिता आहेच. कान तपासून घ्या. एका कानाचं ऐकणं कायमचं गेलं असेल तर तीही गंभीर दुखापत. व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा, पैसे घेणार नाही.

---

लीड्सकर | ५ जून, दुपारी १२:४५

मी इकडे इंग्लंडमध्ये एनएचएसच्या दवाखान्यात नर्स आहे, मूळची साताऱ्याची. इकडे सगळं छान आहे असं वाटत असेल तर सांगते, शुक्रवारी रात्री इमर्जन्सीत दारू पिऊन आलेल्यांनी मलाही थुंकून, चावून झालंय. २०१८ मध्ये इथे आपत्कालीन कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्याचा वेगळा कायदा झाला, नर्सही त्यात येतात. तरी मार बसतोच.

फरक आहे तो नंतर. प्रत्येक घटनेचा फॉर्म भरावाच लागतो, शिवीगाळीचासुद्धा. पहिल्यांदा मी भरला नव्हता, ‘एवढं काय त्यात’ म्हणून. वॉर्डची सिस्टर माझ्यावरच चिडली. म्हणाली, तू लिहिलं नाहीस तर कागदावर आपल्या वॉर्डात काहीच घडत नाही, आणि काहीच घडत नाही तर रात्रीचा तिसरा माणूस मला कोण देणार? तेव्हापासून भरते.

तुमच्याकडे साधी वही घाला. तारीख, वेळ, किती नातेवाईक, ड्युटीवर किती स्टाफ, काय बोलले. धमकीसुद्धा लिहा.

---

पांढरी_टोपी | ५ जून, दुपारी २:३०

वहीची कल्पना फार चांगली. त्यात माझ्या चार गोष्टी, अनुभवाच्या.

नातेवाईक जमले की त्यांच्यातला एक माणूस त्यांनाच ठरवायला सांगायचा. ‘मामा, तुमच्यातलं एक नाव द्या, मी दर पंधरा मिनिटांनी त्यांना सांगेन.’ आणि पंधराव्या मिनिटाला खरंच जाऊन सांगायचं, नवीन काही नसलं तरी. ‘गाडी येतेय’ म्हणू नये. ‘१०८ ला १२:०५ ला फोन केला, गाडी अमुक गावात आहे, ४० मिनिटं सांगितलीत, मी १२:३० ला पुन्हा फोन करते’ असं म्हणावं. घड्याळातली वेळ ऐकली की माणूस थांबतो.

मृत्यू सांगायचा तर दारात उभ्याने, एकट्याने कधीही नाही. दोघांनी जायचं, त्यांना बसवायचं, आपणही बसायचं, पण दाराच्या बाजूला आपण. ‘गेले’ हा शब्द स्पष्ट वापरायचा. ‘प्रयत्न चालू आहेत’ म्हणत अर्धा तास ओढला आणि मग सांगितलं की लोकांना वाटतं आत काहीतरी लपवत होते. माझ्या पाहण्यातल्या निम्म्या मारामाऱ्या या अर्ध्या तासातल्या.

काउंटरवर कात्री, सिलिंडरचा पाना, सुटे स्टँड ठेवू नयेत. गळ्यातली ओळखपत्राची दोरी ओढली की सुटणारी हवी. स्टेथोस्कोप गळ्यात लटकवून गर्दीत जाऊ नये. आणि काउंटरच्या मागून बाहेर पडायला वाट हवी. बहुतेक ठिकाणी नर्स भिंत आणि टेबल यांच्या मध्ये कोंडलेली असते, बघा आपापल्याकडे.

---

काचफोड्या | ५ जून, रात्री ११:३०

नवीन आयडी काढून लिहितोय. मी त्या बाजूचा आहे.

सहा वर्षांपूर्वी वडिलांना छातीत दुखतं म्हणून नेलं. दोन तास आम्ही बाहेर. आत काय चाललंय कुणी सांगेना. एक ब्रदर दोनदा बाहेर आला, दोन्ही वेळा औषधाची चिठ्ठी देऊन आत गेला. ती औषधं मी धावत आणून दिली. तिसऱ्यांदा तो आला आणि म्हणाला, ‘सही करा.’ कशावर ते वाचलं तेव्हा कळलं की बाबा गेलेत. मी आणलेली औषधं त्याच्या मागच्या टेबलावर तशीच होती, पिशवीसकट.

मी त्याला मारलं नाही, पण केबिनची काच फोडली आणि त्याच्या अंगावर धावून गेलो. भाऊ मध्ये पडला. त्या ब्रदरचं वय माझ्या धाकट्या भावाएवढं असेल. त्याचा चेहरा अजून दिसतो. बिलात काच धरली, आम्ही भरली, विषय संपला. त्याच्याशी मात्र कधी बोललो नाही.

समर्थन करत नाहीये. मेट्रनबाईंनी लिहिलंय तसं कुणी पंधरा मिनिटांनी येऊन बोललं असतं तर... जाऊ दे.

---

सडेतोड | ६ जून, सकाळी ७:५०

काचफोड्या, लिहिलंत हे बरं केलंत. माझा वरचा प्रतिसाद जरा घाईचा होता.

---

पगारपत्रक | ६ जून, सकाळी १०:२०

एचआरमध्ये आहे (हॉस्पिटलात नव्हे, कारखान्यात). रजेबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. पगार २१,००० च्या आत आहे, म्हणजे ईएसआयसी (कामगार राज्य विमा) कापत असतील, स्लिप बघा. ड्युटीवर झालेली इजा ही ‘रोजगारातली इजा’. मालकाने अपघात अहवाल पाठवला की कामावर न गेलेल्या दिवसांचे पगाराच्या ९० टक्क्यांच्या हिशोबाने पैसे ईएसआयसी देते. तुमच्या रजेला हात लावायची गरजच नाही. लेखी मागा. ‘माझी आजारपणाची रजा परत जमा करावी आणि अपघात अहवाल पाठवावा’ अशा दोन ओळी पुरेत.

आणि मॅनेजमेंट गप्प राहतं त्याचं कारण बहुतेक वेळा नातेवाईकांची भीती नसते. गावात नाव खराब होईल, फेसबुकवर येईल, नगरसेवक फोन करेल, ही असते.

---

काळा_कोट | ६ जून, सकाळी ११:००

बरोबर. त्यांना एक गोष्ट दाखवा. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्युटीवरच्या डॉक्टरवर बलात्कार आणि खून झाला, त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्याने १६ ऑगस्ट २०२४ ला पत्र काढलं : ड्युटीवरच्या आरोग्य कर्मचाऱ्यावर हिंसा झाली तर सहा तासांच्या आत संस्थेच्या वतीने एफआयआर करणं ही संस्थाप्रमुखाची जबाबदारी. ते पत्र केंद्राच्या संस्था आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांसाठी होतं, तुमच्या मालकांवर थेट बंधन नाही. पण दिशा कुठली आहे हे त्यांना कळेल. फिर्यादी म्हणून एकट्या नर्सने भावाला घेऊन ठाण्यात जाणं आणि हॉस्पिटलने लेटरहेडवर फिर्याद देणं, यात ठाणे अंमलदाराच्या खुर्चीतून फार फरक दिसतो.

---

रातराणी | १० जून, रात्री १०:१५

सगळ्यांना एकत्रच.

एक्स-रे काढला. अल्नाला (कोपरापासून मनगटापर्यंतच्या एका हाडाला) चीर आहे. सरकारी डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरून दाखवली, केसाएवढी रेघ. प्लास्टर घातलं. काळा_कोट यांनी पाठवलेली प्रत घेऊन ठाण्यात गेले. तिथल्या मॅडमनी दोन पानं वाचली, आत जाऊन पीआयना दाखवली आणि एफआयआर झाला. तीन तास लागले, पण कुणी वाईट बोललं नाही. फुटेज मिळालं, अर्जाची पोच आहे. मॅनेजमेंटने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं. मग बाकी सगळ्या सिस्टरांनी मिळून सह्यांचं पत्र दिलं, तेव्हा बोलावलं. ईएसआयसीचा फॉर्म भरला.

तो पोरगा जिल्ह्याला वाचला असं कळलं. खरंच बरं वाटलं.

---

पांढरी_टोपी | १० जून, रात्री १०:४०

शाब्बास! नाइटचं काय?

---

रातराणी | २४ जून, रात्री ८:०५

उशीर झाला. प्लास्टर आहे तोवर ओपीडीत टाकलंय. पुढच्या महिन्यापासून नाइटला दोन नर्स, आणि ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर आवारातच झोपणार असं ठरलंय. लेखी नाही अजून, तोंडी आहे. काउंटरखाली घंटा बसवतो म्हणाले, ती बसली नाही.

वही मात्र सुरू झाली. चौदा दिवसांत नऊ नोंदी. मला वाटलं होतं एखाददुसरी असेल. एका नोंदीत मावशींनी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, ‘बाईने मला पदर धरून ओडले’. इतकी वर्षं त्यांनी हे कुणाला सांगितलंच नव्हतं म्हणे, यात सांगण्यासारखं काय असतं असं वाटायचं त्यांना.

ड्रेसिंग रूमला आतून कडी लावली. सुतार साठ रुपयाची कडी आणि शंभर मजुरी घेऊन गेला. मावशींनी लगेच आत जाऊन लावून बघितली.

---

खडीसाखर | २४ जून, रात्री ८:३०

मावशींना पुन्हा नमस्कार.

---

पांढरी_टोपी | २४ जून, रात्री ९:१०

केईएममध्ये नोव्हेंबर १९७३ मध्ये अरुणा शानबाग या नर्सवर हल्ला झाला तो ती ड्युटी संपवून तळघरात कपडे बदलत असताना. आमच्या पिढीच्या नर्सना चेंजिंग रूमचं दार बघितल्याशिवाय साडी सोडायची नाही हे सीनियर सांगायच्या. मला वाटलं होतं, आता कुणाला सांगावं लागत नसेल.

---

शिट्टीवाला | २५ जून, पहाटे ५:१५

आत्ता राउंड मारताना आमच्याकडची दारं बघत आलो. तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टरांच्या खोलीला आतून कडीच नाही, खिळा वाकवून ठेवलाय. सकाळी सुपरवायझरला दाखवतो.